सर्व्हर डाउन आहे, उद्या या

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं की घराच्या, जमिनीच्या व्यवहारात ऑनलाइन नोंदणीचा तुमचा अनुभव काय, तर पत्रांचा आणि मेलचा ढीग लागला. निम्म्या पत्रांत प्रश्नच नव्हता, नुसता संताप होता, तो आम्ही वाचला आणि पटला पण. ज्यांना खरंच काही उत्तर देता येईल अशी पत्रं इथे घेतलीत. कुठल्या ऑफिसात काय झालं ते मुद्दामच गाळलंय, कारण हे थोड्याफार फरकाने सगळीकडेच होतं.

प्रश्न : पुण्यात रीसेलचा फ्लॅट घेतोय. स्टॅम्प ड्युटी ऑनलाइन भरली, करारनाम्यावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या, स्लॉट घेऊन रजिस्ट्रेशनला गेलो तर सर्व्हर बंद. विकणाऱ्या काकू ऐंशीच्या पुढच्या, गुडघे धरून जिना चढल्या, दुपारपर्यंत बाकड्यावर बसल्या आणि तशाच परत गेल्या. आता त्यांचा मुलगा म्हणतो आईला परत आणणार नाही, तुमची तारीख गेली, व्यवहार संपला. एजंट म्हणतो काळजी करू नका, तारखेचं पान बदलून टाकू. काय करू? — एक वाचक, पुणे

उत्तर : सगळ्यात आधी, पान बदलू नका. एजंटला हे रोजचं असेल पण सह्या झालेल्या दस्तातलं पान काढून दुसरं लावणं म्हणजे काय ते उद्या कोर्टात तुम्हाला समजावून सांगावं लागेल, एजंटला नाही. आणि गरजच काय आहे त्याची?

तुमची तारीख गेलेली नाही. नोंदणी कायदा १९०८ चा आहे आणि त्याच्या कलम २३ प्रमाणे दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करायचा असतो. स्लॉट चुकला म्हणजे चार महिने संपले असं काही नाही, स्लॉट ही फक्त गर्दी आवरायची सोय आहे, कायद्यात तिचा कुठे उल्लेख नाही. दुसरा घ्या. चार महिने पण उलटले आणि कारण खरंच तुमच्या हाताबाहेरचं होतं तर कलम २५ खाली आणखी चार महिने मिळू शकतात, फक्त तेव्हा दंड लागतो, तो नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तिथपर्यंत गोष्ट जाऊच देऊ नका.

आता काकूंचं. लोकांना वाटतं सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी समोर उभं राहिलंच पाहिजे. कलम ३४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की पक्षकार एकत्र येऊ शकतात किंवा वेगवेगळ्या वेळी. तुम्ही आधी जाऊन दस्त हजर करा, फी भरा, तुमची कबुली द्या. दस्ताच्या शेवटी जे गोषवाऱ्याचं पान छापून येतं ना, त्यावर बघा शिक्का क्रमांक १, २, ३, ४ अशा वेगवेगळ्या वेळा असतात, हजर केल्याची, फीची, कबुलीची, ओळखीची. ते वेगवेगळे टप्पे आहेतच मुळी. आणि काकूंना जिना झेपत नसेल तर कलम ३१ खाली गृहभेटीचा अर्ज करा, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा, फी भरा, निबंधक घरी येऊन त्यांची कबुली घेतात. हे ऑफिसात कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं, आणि हा माझा जुना राग आहे की भिंतीवर फीचा तक्ता असतो पण गृहभेटीचा बोर्ड नसतो.

मुलाला एवढंच सांगा की दस्त नोंदवायला महिना लागला तरी कलम ४७ प्रमाणे तो नोंदणीच्या तारखेपासून नाही, सहीच्या तारखेपासून लागू धरला जातो. म्हणजे आईने सही केली त्या दिवशीच गोष्ट ठरली आहे, सर्व्हर बंद पडल्याने ती मोडत नाही.

आणखी एक, सर्व्हर बंद पडल्यावर लोक दुसऱ्या ऑफिसात धावतात. त्याचा उपयोग बहुतेक वेळा नसतो. २००२ साली 'सरिता' हे नोंदणीचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा प्रत्येक ऑफिसाचं कॉम्प्युटर आपलं आपलं होतं, बिघडलं तर त्या एकाच ऑफिसचं काम अडायचं. २०१२ मध्ये 'आय-सरिता' आलं आणि सगळं मध्यवर्ती सर्व्हरला जोडलं गेलं. फायदे खूप झाले त्याचे, नाही म्हणत नाही, पण आता तो आडवा झाला की गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळे बाकड्यावर. म्हणून रिक्षा करून या ऑफिसातून त्या ऑफिसात जाण्यापेक्षा तिथल्या तिथे साधा अर्ज लिहा, "अमुक तारखेला दस्त हजर करायला आलो, सर्व्हर बंद असल्याने काम झालं नाही", आवकचा शिक्का घ्या, स्लॉटची पावती जोडून ठेवा. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. पुढे कलम २५ ची वेळ आलीच तर हाच कागद कामाला येतो, तोंडी "सर्व्हर डाउन होता हो" कुणी ऐकत नाही.

प्रश्न : दरवर्षी मार्चअखेर एवढी झुंबड का होते, आणि ३१ मार्चला सर्व्हर बंद पडला तर नवीन रेडीरेकनरने जास्त ड्युटी भरावी लागते का? आमचा बिल्डर तसं म्हणतो. — एक वाचक, ठाणे

उत्तर : नवीन रेडीरेकनर, म्हणजे ज्यावरून ड्युटी काढतात तो सरकारी दरांचा तक्ता, १ एप्रिलला लागू होतो म्हणून झुंबड. पण बिल्डर अर्धवट सांगतोय. ड्युटी ठरते ती सही झाली त्या दिवसाच्या दराने. ३१ मार्चपर्यंत ड्युटी भरलेली आहे आणि दस्तावर सह्या झाल्या आहेत तर नोंदणी एप्रिलमध्ये करा, मे मध्ये करा, चार महिन्यांच्या आत कधीही, दर जुनाच. २०२० आठवा, लॉकडाउननंतर सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर ३ टक्के आणि मग ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्के ड्युटी कमी केली होती, शेवटच्या आठवड्यात ऑफिसांबाहेर कोविडमध्येसुद्धा रांगा, आणि तेव्हा पण विभागाने हेच सांगितलं की ड्युटी भरून सह्या करून ठेवा, नोंदणी चार महिन्यांत करा. तरी लोक रांगेतच उभे, कारण शेजारचा उभा होता.

फक्त एक काळजी. आधी सह्या आणि चार दिवसांनी ड्युटी असं करू नका. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे ड्युटी सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायची असते. पेमेंट गेटवे अडकलंय म्हणून "सही तर करून टाकू" असं म्हणून लोक फसतात, आणि नंतर कमी पडलेल्या ड्युटीवर दरमहा २ टक्क्यांनी दंड बसायला लागतो. पेमेंट झालं नाही तर सही थांबवा. बस.

प्रश्न : स्टॅम्प ड्युटीचे पैसे खात्यातून गेले पण चलन आलंच नाही. घाबरून दुसऱ्यांदा भरले, आता दोन्ही चलनं दिसतायत. कर्ज काढून भरलेत हो, बुडाले का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : बुडाले नाहीत, पण आता अडकले काही महिने. बाकीच्यांनी वाचून घ्या, ग्रास (सरकारी पैसे ऑनलाइन भरायची साइट) वरून पैसे कापले गेले आणि चलन दिसत नाही तर त्या दिवशी परत भरायचं नाही. चहा प्या. ग्रासच्याच साइटवर चलन शोधायची सोय आहे, तिथे रक्कम, बँक, तारीख टाकून बघा, जीआरएन, म्हणजे त्या चलनाचा सरकारी नंबर, बरेचदा तयार झालेला असतो, फक्त बँकेकडून होकार यायचा राहिलेला असतो. बँकेत विचारायचं ते पण नीट विचारा, "पैसे कुठे गेले" असं नाही, तर "या व्यवहाराचा सीआयएन (बँकेने दिलेला चलनाचा ओळख क्रमांक) पडलाय का आणि रक्कम सरकारी खात्यात जमा झाली का". पडला असेल तर चलन येणार, नसेल तर पैसे परत येणार. ज्यांना एक दिवस थांबवत नाही तेच दोनदा भरतात, आणि थांबवत नाही कारण दुसऱ्या दिवशीचा स्लॉट असतो, हेही खरंय.

तुमच्याबाबतीत एक चलन दस्ताला वापरा. दुय्यम निबंधक नोंदणीच्या वेळी ते डिफेस करतात, म्हणजे ते परत कुणाला वापरता येत नाही. दुसरं चलन मात्र डिफेस झालेलं नाही आणि दस्ताला लागलेलं नाही, ही तुमची बाजू. त्याच्या परताव्यासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आणि तो सहा महिन्यांच्या आत. ही मुदत कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा कारण इतर सगळं माफ होईल, हे होत नाही. अर्जाची माहिती आधी साइटवर भरायची, टोकन घ्यायचं आणि मग तेच सगळं कागदावर घेऊन ऑफिसात जायचं. होय, ऑनलाइन भरून झाल्यावर परत कागद. का ते मला विचारू नका. आणि चलनात ड्युटी आणि नोंदणी फी असं दोन्ही असेल तर फीच्या परताव्याचं काम वेगळं चालतं, दोन्ही एकाच अर्जात उरकेल असं धरून बसू नका.

प्रश्न : दस्तात माझं आडनाव बरोबर आहे पण इंडेक्स टू मध्ये भलतंच छापलंय, एक अक्षर बदललं की आमचं घराणंच बदलतं. बँक म्हणते कर्जाची रक्कम देणार नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : हा डेटा एन्ट्रीचा रोग आहे. पब्लिक डेटा एन्ट्री, म्हणजे नोंदणीआधी साइटवर माहिती भरायचं काम, तुम्ही स्वतः करा किंवा वकिलाच्या ऑफिसातला पोरगा करो, इंग्रजीत टाइप केलं की मराठी आपोआप उमटतं आणि ते जे उमटतं ते देवाच्या हवाली. ळ चा ल, ण चा न, हे तर नेहमीचंच.

तुमच्या बाजूने चांगली गोष्ट ही की मालकीचा आधार दस्त आहे, इंडेक्स टू ही त्याची सूची आहे फक्त. दस्तात नाव बरोबर असेल तर चूक दुरुस्ती पत्र करायची गरज नाही, त्यात पुन्हा विकणाऱ्याला बोलवा, पुन्हा फी भरा, हे सगळं येतं. ज्या ऑफिसात नोंदणी झाली तिथे सूचीतली नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज द्या, दस्ताची नोंदणी झालेली प्रत आणि आधार, पॅन जोडा. चूक दस्तातच असती तर मात्र दोन्ही बाजूंच्या सह्यांचं चूक दुरुस्ती पत्र नोंदवण्याशिवाय इलाज नव्हता. बँकेला तोवर दस्ताची प्रत आणि अर्जाची पोच द्या, शाखा मॅनेजर शहाणा असेल तर तेवढ्यावर चालतं.

पुढच्या वेळी (आणि सगळ्यांसाठीच) नोंदणीच्या दिवशी ऑपरेटर प्रिंट काढायच्या आधी स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा आणि नाव, गट नंबर, क्षेत्रफळ, सदनिका क्रमांक मोठ्याने वाचा. मागची माणसं कुरकुरतात. कुरकुरू द्या.

प्रश्न : गावाकडे एक अख्खा गट विकत घेतला, खरेदीखत नोंदवून कित्येक महिने झाले. तेव्हा सांगितलं की आता सगळं लिंक आहे, फेरफार आपोआप होतो, तलाठ्याकडे जायची गरज नाही. सातबाऱ्यावर अजून जुन्याच मालकाचं नाव. तलाठी भेटत नाहीत, भेटले तर म्हणतात वरून आलं नाही. — एक वाचक, सध्या मुक्काम डोंबिवली

उत्तर : "आपोआप" या शब्दावर विश्वास ठेवलात तिथे गंमत झाली. लिंक आहे हे खरंय. खरेदीखत नोंदलं गेलं की त्याची माहिती तलाठ्याच्या लॉगिनला जाते (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात अजून तलाठीच म्हणतात). पण तिथून पुढे जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १५० सुरू होतं आणि ते माणसांनी करायचं काम आहे. तलाठ्याने फेरफार धरायचा, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढायची, हरकतीसाठी १५ दिवस थांबायचं, कुणाची हरकत नाही आली तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची आणि तेव्हा कुठे सातबारा बदलतो. यातल्या कुठल्याही टेबलावर फाइल बसू शकते, कॉम्प्युटरमधली फाइल पण बसते, फक्त तिच्यावर धूळ दिसत नाही.

म्हणून आधी ती कुठे बसलीय ते शोधा. महाभूमीच्या साइटवर 'आपली चावडी' आहे, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावचे चालू फेरफार आणि नोटिसा दिसतात, लॉगिन पण लागत नाही. तुमचा फेरफार नंबर तिथे दिसला तर नोटीस निघालीय, मंडळ अधिकाऱ्याकडे विचारा. दिसलाच नाही तर फेरफार धरलाच नाही, आणि मग तलाठ्यांना तारीख, दस्त क्रमांक लिहून लेखी अर्ज द्या, प्रत तहसीलदारांना. अर्जात एक वाक्य जरूर घाला की हा हक्क नोंदणीकृत दस्ताने मिळालाय आणि कलम १५४ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्यांकडून कळवण्याची जबाबदारी आहे, कारण कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत स्वतः जाऊन कळवायची सक्ती नोंदणीकृत दस्तवाल्यांना नाही. "तुम्हीच कळवलं नाही" हे उत्तर त्यांना देता येत नाही मग.

आता अडकतं का, तर माझ्या पाहण्यात कारणं फार नाहीत. विकणाऱ्याचं नाव खातेदार म्हणून जसं लागलंय तसं दस्तात नसतं. किंवा विकणाऱ्यांपैकी एखादा भाऊ वारलेला असतो, त्याच्या वारसांची नोंदच झालेली नसते आणि वारसांनी सही तर केलेली असते. किंवा क्षेत्र जुळत नाही, जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर एक आणि संगणकीकृतवर दुसरं, टाइप करताना पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) राहून गेलेला. अशी लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती होते, ती आधी करून घ्या, नाहीतर तुमचा फेरफार पुन्हा पुन्हा परत येईल. कुणी हरकत घेतली असेल तर मात्र ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, सुनावणी लागते, आणि तिथे ऑनलाइनचा काही संबंध उरत नाही, वकील घ्या.

साइटवरून फुकट दिसणारा सातबारा फक्त बघायला असतो. डिजिटल सहीचा, जो १ मे २०१८ पासून मिळतो, तो १५ रुपये भरून घ्या, तो सगळीकडे चालतो. आणि ज्यांची जमीन सिटी सर्व्हेच्या हद्दीत आहे त्यांनी तलाठ्याच्या मागे लागून उन्हं खाऊ नका, तुमचं काम नगर भूमापन ऑफिसात, तिथे सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते.

प्रश्न : घर भाड्याने द्यायचंय. ऑनलाइन भाडेकरार करताना बाबांचा अंगठा मशीनला जुळेना, आयुष्यभर लेथवर काम केलंय त्यांनी. एजंट म्हणाला सोडा, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेऊ, अकरा महिन्यांचा तर आहे. — एक वाचक, पिंपरी

उत्तर : नोटरी म्हणजे नोंदणी नाही आणि अकरा महिन्यांची सूट महाराष्ट्रात भाडेकराराला नाही. भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्या बाबांकडे. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पैशांत बघाल तर लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे घरभाड्याच्या नेहमीच्या कराराला, ड्युटी पाव टक्का, शहरात नोंदणी फी हजार रुपये, नोटरीत असं काय वाचतं?

अंगठ्याचं म्हणाल तर बाकीची बोटं एकेक करून बघा, हात धुऊन, थोडं तेल लावून पुसून. तरी नाही जमलं तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट करा. तेवढा वेळ नसेल तर ऑनलाइनचा हट्ट सोडा आणि सरळ दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात जाऊन करार नोंदवा, ती वाट बंद झालेली नाही, एजंटला फक्त तिकडे यायचा कंटाळा असतो. तिथे ओळख पटवायला साक्षीदार असतात, सगळा भार अंगठ्यावर नसतो.

प्रश्न : मी दुबईत, फ्लॅट नागपूरला, विकायचाय. सगळं ऑनलाइन झालंय म्हणतात तर इथे बसून रजिस्ट्रेशन होईल ना? — एक वाचक, दुबई

उत्तर : नाही. रीसेलला देणारा आणि घेणारा किंवा त्यांचा मुखत्यार समोर लागतो. मुखत्यारपत्र करा, पण नोटरी झालेला कुठलाही कागद स्कॅन करून मेल केला असं नाही. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे भारताबाहेर केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर, कोर्टासमोर किंवा भारताच्या वकिलातीत केलेलं हवं, दुबईत वकिलातीत जाणं सगळ्यात सरळ. मूळ कागद कुरियरने महाराष्ट्रात पोचला की तीन महिन्यांत त्यावर इथली ड्युटी भरून घ्यायची, पाकिटावरची तारीख जपून ठेवा. मुखत्यार शक्यतो आईवडील, भाऊ, बहीण, नवराबायको असं जवळचं माणूस घ्या, कारण विक्रीचे अधिकार मित्राला किंवा ब्रोकरला दिलेत तर मुखत्यारपत्रावरच खरेदीखताएवढी ड्युटी लागते आणि मग विकणं परवडत नाही.

प्रश्न : नवीन प्रोजेक्टमध्ये बुकिंग केलंय. बिल्डर म्हणतो आमच्याच ऑफिसात नोंदणी होते, सरकारी ऑफिसात जायची गरज नाही. फसवतोय का? — एक वाचक, पनवेल

उत्तर : फसवत नाहीये. पहिल्या विक्रीसाठी ई-रजिस्ट्रेशनची सोय आहे, बिल्डरला तसं लॉगिन मिळतं. मसुदा मात्र आदल्या दिवशी मेलवर मागा आणि घरी बसून वाचा, कारण तिथे एसी असतो, कॉफी असते आणि सह्या करायची घाई असते. नोंदणीनंतर दस्त क्रमांक घेऊन स्वतः नोंदणी विभागाच्या ई-सर्च साइटवर इंडेक्स टू बघा. त्यांनी दिलेल्या झेरॉक्सवर थांबू नका. आणि मोबाइलवर ओटीपी आला की तो कशाचा आहे ते आधी वाचा, मग सांगा.